बाहेरचा ताण घरात भांडण होऊ नये म्हणून नवरा-बायकोने काय करावे

घटस्फोट घेतलेल्या माणसाला लग्न कशामुळे मोडले असे विचारले, तर प्रतारणा, पैसा किंवा सासरचा जाच असे एखादे मोठे कारण ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ गी बोडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी, इटली व स्वित्झर्लंड या तीन देशांतील घटस्फोटितांना याविषयी विचारले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेकांनी, शेवटचा निर्णय घ्यायला भाग पाडणारी गोष्ट म्हणून, रोजचे बारीकसारीक आणि साचत गेलेले ताण सांगितले. कामावरची कटकट, झोपेची कमतरता, मुलांची धावपळ, प्रवासातली दमछाक यांचा जोडीदाराशी थेट संबंध नसतो. पण त्यांचा राग निघतो तो मात्र जोडीदारावर. म्हणून या लेखातील बहुतेक पायऱ्या बाहेरून घरात येणाऱ्या ताणाविषयी आहेत.

एक अट आधीच स्पष्ट करायला हवी. पुढील उपाय एकमेकांची भीती नसलेल्या जोडप्यांसाठी आहेत. घरात मारहाण, धमक्या किंवा कोंडून ठेवणे असे प्रकार असतील, तर संवाद सुधारण्याची जबाबदारी सोसणाऱ्या व्यक्तीवर टाकणे हा अन्याय आहे. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेले संरक्षण अधिकारी हाच योग्य मार्ग आहे.

पहिली पायरी : घरी आल्यावर थोडा अवकाश द्या

अमेरिकेतील संशोधक रेना रेपेटी यांनी विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे पुरुष कर्मचारी आणि त्यांच्या पत्नी यांचा रोजच्या रोज नोंदी घेऊन अभ्यास केला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, ज्या दिवशी कामाचा भार जास्त, त्या संध्याकाळी नवरा घरात कमी बोलतो आणि कमी चिडतोही. तो काही काळ आपल्यातच राहतो. पत्नीचा आधार जिथे जास्त होता, तिथे हे मिटून बसणे अधिक सहज घडत होते. म्हणजे थोडा वेळ गप्प राहू देणे हीसुद्धा एक मदत असते.

तेव्हा दारातच वीजबिल, शाळेची फी किंवा सासूबाईंची औषधे यांचा विषय काढू नये. हातपाय धुवून, चहा होऊन अर्धा तास गेला की बोलावे. मात्र गप्प राहणाऱ्याने एक वाक्य स्वतःहून सांगावे : ‘आज फार दमलोय, तुझ्यावर राग नाही, जरा वेळाने बोलतो.’ हे वाक्य नसेल, तर समोरचा माणूस त्या शांततेचा अर्थ आपल्या परीने लावतो, आणि तो बहुधा वाईटच असतो. दोघेही नोकरी करत असतील, तर ही मोकळीक दोघांनाही मिळायला हवी. एकाने सोफ्यावर बसायचे आणि दुसरीने थेट ओट्याशी उभे राहायचे, याला मोकळीक म्हणता येणार नाही.

दुसरी पायरी : तीन टप्प्यांत बोला

बोडेनमान यांनी जोडप्यांसाठी एक प्रशिक्षण विकसित केले. त्याचा गाभा असलेली पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. एका बैठकीत एकच जण बोलतो आणि दुसरा ऐकतो. भूमिका बदलायच्या असतील, तर त्या नंतर बदलायच्या. विषय मात्र नात्याबाहेरच्या ताणाचाच निवडायचा.

पहिला टप्पा सुमारे अर्ध्या तासाचा असतो. समजा, पत्नी बँकेत कॅशियर आहे आणि ती सांगते, ‘आज संध्याकाळी कॅश जुळली नाही, पाचशे शॉर्ट होते.’ नवऱ्याच्या तोंडी लगेच येणारे उत्तर म्हणजे, ‘मग भरून टाकायचे ना खिशातून, विषय संपला.’ तो वाईट हेतूने बोललेला नसतो, पण विषय खरोखरच तिथे संपतो, कारण ती पुढे काही सांगत नाही. या पद्धतीत ऐकणाऱ्याने सल्ला न देता केवळ विचारायचे असते : मग काय झाले? तेव्हा तुला काय वाटले? त्यातले सर्वांत जास्त काय लागले? हळूहळू ती सांगू लागते की पैसे तिने भरलेच; पण मॅनेजरने काउंटरवर सगळ्यांसमोर ‘नीट मोजत जा’ असे सुनावले आणि शेजारच्या सहकाऱ्याने मान खाली घातली. आणखी विचारल्यावर कळते की अकरा वर्षांच्या नोकरीत आपल्या प्रामाणिकपणावर संशय घेतला गेला, हे तिला सहन झालेले नाही. नरसाळ्यात ओतलेले पाणी जसे रुंद तोंडाकडून अरुंद नळीकडे येते, तसे बोलणे घटनेकडून भावनेकडे आणायचे असते. पाचशे रुपयांचे दुःख आणि संशयाचे दुःख यांना लागणारा आधार सारखा नसतो, म्हणून हा अर्धा तास वाया जात नाही.

दुसऱ्या टप्प्यात, सुमारे दहा मिनिटे, ऐकणाऱ्याने आधार द्यायचा. तोही आधी भावनेला आणि मग, गरज असेल तरच, व्यवहाराला. ‘अकरा वर्षे इतके चोख काम केल्यावर असे ऐकावे लागले, तर कुणालाही लागेल’ हे वाक्य आधी यावे. ‘उद्या मॅनेजरशी एकांतात बोलून बघशील का’ हे नंतर. आधार देताना होणाऱ्या चुकाही बोडेनमान यांच्या मांडणीत नीट ओळखलेल्या आहेत : टोमणा मारत केलेली मदत, नाइलाजाने केलेली मदत, आणि मोबाइलवर डोळे ठेवून म्हटलेले ‘हं, बरोबर आहे तुझे’. यातली तिसरी चूक आजच्या घरांत सर्वाधिक होत असावी. त्या पाऊण तासापुरते दोन्ही फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत.

तिसरा टप्पा पाचच मिनिटांचा आहे आणि नेमका तोच टाळला जातो. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याला सांगायचे की कशाचा उपयोग झाला आणि आणखी काय हवे होते. ‘तू मध्ये बोलला नाहीस ते बरे वाटले, पण शेवटी हात हातात घेतला असतास, तर जास्त बरे वाटले असते,’ इतके स्पष्ट सांगितल्याशिवाय समोरच्याला पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही. हाताचा उल्लेख मी सहज केलेला नाही. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील प्रयोगात सोळा विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता सांगून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेण्यात आले. नवऱ्याचा हात धरलेला असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागांतील हालचाल कमी झाली. अनोळखी माणसाच्या हाताने तेवढा परिणाम झाला नाही.

एकत्र कुटुंबात किंवा दोन खोल्यांच्या घरात एवढा वेळ एकांत मिळणे कठीण असते. गच्ची, जवळचे मैदान किंवा जेवणानंतरची शतपावली यांचा त्यासाठी उपयोग करावा. आठवड्यातून एकदा जमले, तरी सुरुवात म्हणून पुरे आहे.

तिसरी पायरी : काही मदत न सांगता करा

नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या वकिलीच्या परीक्षेला बसणारे उमेदवार व त्यांचे जोडीदार यांच्याकडून रोज नोंदी भरून घेतल्या. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जोडीदाराने मदत केली पण उमेदवाराला ती मदत म्हणून जाणवली नाही, अशा वेळी उमेदवाराची मनःस्थिती सर्वांत चांगली राहिलेली दिसली. उघड मदतीने कधी कधी आपण कमी पडतो आहोत, ही जाणीव टोचते. जोडीदाराची परीक्षा, बढतीची मुलाखत किंवा ऑडिट जवळ आले असेल, तर डबा भरून ठेवणे, पाहुण्यांना परस्पर पुढची तारीख देणे, अशी कामे न बोलता करावीत.

चौथी पायरी : वाद एकमेकांविषयीच असेल, तर वेळेवर थांबा

जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना वादाचा विषय देऊन, त्या वेळचे त्यांचे हृदयाचे ठोके मोजून संशोधन केले. गॉटमन यांच्या मते ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटे लागतात. म्हणून आवाज चढू लागला की कोणीही एकाने ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे म्हणावे आणि तो शब्द पाळावा. परतीची वेळ न सांगता उठून गेलेला माणूस समोरच्याला पळ काढणारा वाटतो. मधल्या वेळेत मनातल्या मनात उत्तरे जुळवत बसू नये. भांडी घासावीत, वर्तमानपत्र वाचावे.

पाचवी पायरी : वर्षातून तीनदा सात मिनिटे लिहा

एली फिंकेल यांच्या संशोधनात शिकागो परिसरातील १२० जोडप्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. पहिल्या वर्षात सर्वांचेच समाधान थोडे थोडे घसरले. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटे लिहायला सांगितले, आणि त्यांची घसरण थांबली; उरलेल्यांची चालू राहिली. अलीकडचा सर्वांत मोठा वाद आठवायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. दोघांचेही भले चिंतणारा एखादा त्रयस्थ माणूस या वादाकडे कसा पाहील? तसे पाहणे मला कशामुळे जड जाते? पुढच्या चार महिन्यांत मी ते कसे जमवीन?

दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत लिहावे आणि एकमेकांना वाचून दाखवण्याचे बंधन ठेवू नये, असे मी सुचवीन. पुढची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे आपण गॅसची टाकी लावल्याचा दिवस लिहितो, तिथेच दोघांनी मिळून आजच लिहून ठेवावी.