इंटिजरची स्ट्रिंग करताना: खरा घोळ उणे आकड्यांत आहे

इंटिजर म्हणजे पूर्णांक, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. एकातून दुसरं करायला भाषेत तयार फंक्शन असेल तर तेच वापरा. पायथनमध्ये एसटीआर, जावात इंटिजर डॉट टूस्ट्रिंग, सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या प्रमाणापासून (भाषेच्या अधिकृत नियमावलीपासून) टू-स्ट्रिंग. गोमध्ये स्ट्रकॉन्व्ह पॅकेजातलं आयटोए घ्या. तिथे थेट स्ट्रिंग(६५) लिहिलंत तर ६५ मिळत नाही, ६५ क्रमांकाचं ‘ए’ हे अक्षर हातात पडतं.

‘रिकामी स्ट्रिंग जोडली की काम झालं’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. जावास्क्रिप्टमध्ये १ + २ + "" चं उत्तर "३" येतं आणि "" + १ + २ चं "१२". चूक कुठे झाली हे शोधायला मग अर्धा दिवस जातो.

सीमध्ये आयटोए प्रमाणात नाही, ते काही कम्पायलरपुरतंच आहे. एसएनप्रिंटएफ वापरा. ३२ बिटी इंटिजरला १२ बाइटचा बफर, म्हणजे अक्षरं ठेवायची जागा, लागतो: १० अंक, एक उणे चिन्ह आणि शेवटचा नल, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण. १० बाइट पुरतात म्हणणाऱ्याने मोजलेलं नसतं.

आता हाताने लिहायची वेळ आली तर. लायब्ररी नसलेला छोटा कंट्रोलर असो की मुलाखत, पद्धत एकच. १० ने भागायचं, बाकीत ४८ मिळवायचे, कारण आस्कीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, ‘०’ चा क्रमांक ४८ आहे, आणि आकडा शून्य होईपर्यंत हेच करत राहायचं. अंक उलटे निघतात, म्हणून बफर शेवटाकडून भरत या. मागाहून स्ट्रिंग उलटी करण्याचा व्याप हवाच कशाला? लूप किमान एकदा चालेल असा ठेवा, नाहीतर ० ची रिकामी स्ट्रिंग होते. इथवर सगळं सोपं आहे.

उणे आकड्यांचं मात्र तसं नाही. सगळीकडे सांगतात, ‘आधी उणे चिन्ह लिहा, मग आकडा धन करा.’ मीही वर्षभर तेच करत होतो आणि चालतही होतं. मग एकदा लॉगमध्ये ही ओळ दिसली:

-./,),(-*,(

मी आधी मेमरी बिघडली म्हणून शोधत बसलो. मेमरी ठणठणीत होती. आकडा होता -२१४७४८३६४८, म्हणजे ३२ बिटांत मावणारा सर्वांत लहान. सर्वांत मोठा आहे २१४७४८३६४७, एकाने कमी! त्यामुळे त्या लहान आकड्याचा धन जोडीदार ३२ बिटांत मावतच नाही. सीमध्ये असं चिन्ह बदलणं हे अनिर्धारित वर्तन आहे, म्हणजे काय व्हावं हे भाषा ठरवूनच देत नाही. माझ्याकडे आकडा मुकाट उणेच राहिला. मग बाकीही उणे निघाली: ४८ मध्ये -२ मिळवले की ४६, म्हणजे पूर्णविराम. ४८ मध्ये -८ मिळवले की ४०, म्हणजे उघडता कंस. वरची ओळ एकेक अंक लावून वाचून बघा, पुरती जुळते.

‘६४ बिटांत घ्या’ हा उपाय अडचण फक्त पुढे ढकलतो. ६४ बिटांचाही स्वतःचा सर्वांत लहान आकडा असतोच. जावातलं मॅथ डॉट एबीएससुद्धा त्या आकड्याला तसाच उणे परत देतं.

मी आता उलटं करतो. आकडा उणे आहे का ते आधी एका व्हेरिएबलमध्ये नोंदवतो. मग धन असेल तर त्याला उणे करतो, कारण प्रत्येक धन आकड्याचा उणे जोडीदार नक्की मावतो. लूपमध्ये बाकी ० ते -९ मधली येते, ती ४८ मधून वजा करायची. चिन्ह अगदी शेवटी. सीमध्ये अनसाइन्डमध्ये, म्हणजे चिन्ह नसलेल्या प्रकारात, नेऊनही हे साधतं, पण जावात तसा इंटिजर प्रकारच नाही, म्हणून मला ही रीत जास्त भावते.

हीच रीत पायथनमध्ये मात्र उतरवू नका. तिथे दोन तिरप्या रेघांचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे झुकतो, -१ ला १० ने भागलं की पुन्हा -१ येतो आणि लूप कधीच थांबत नाही.

झालं की ०, ७, १०, १००, -१ आणि दोन्ही टोकांचे आकडे चालवून बघा. १०० चे अंक गळत असतील तर लूप थांबण्याची अट बाकीवर लावली गेली आहे. ती भागाकारावर लावा.