जुनी सायकल बाहेर काढताय? या चुका टाळा

जिन्याखालची जुनी सायकल बाहेर निघाली की पहिला खर्च होतो रंगावर आणि दुसरा नव्या सीटवर. खरं तर ही दोन्ही कामं सगळ्यात शेवटची. रंग उडालेली सायकल शंभर किलोमीटर बिनतक्रार जाते. आतून सुकलेली, वरून चकचकीत केलेली सायकल मात्र बडोद्यात दांडियाबाजारातून निघून अकोट्याचा पूल चढेपर्यंतच कुरकुरायला लागते. आधी चाकं, मग बीबी (पायडलचा आस जिथे फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग), मग चेन आणि ब्रेक, असा क्रम ठेवा. आणि काहीही विकत घेण्याआधी मोजा.

टायर मागताना

दुकानात जाऊन नुसतं "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हणू नका. काळ्या उभ्या सायकलीचा २८ × १½ टायर ६३५ मिमी व्यासाच्या रिमवर बसतो. हल्लीच्या हायब्रिड आणि रोड सायकलींचा ७००सी टायर ६२२ च्या रिमचा, पण त्याच्यावरही कधीकधी २८ छापलेलं असतं. हे दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. २६ ची गतही तीच: एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ × १.९५ म्हणजे ५५९ आणि २६ × १⅜ म्हणजे ५९०. टायरच्या कडेला ४०-६३५ असा जोडआकडा असतो. त्यातला पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. दुसरा आकडा लिहून न्या. पुसला गेला असेल तर सरळ जुना टायरच खांद्यावर टाकून न्या.

रिम बदलायची तर स्पोकची भोकं मोजा. उभ्या सायकलीला बहुतेक वेळा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. ४० च्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ३६ भोकांची अलॉय रिम नीट बांधता येत नाही, हबही बदलावा लागतो. शिवाय रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, स्पोकच्या बाजूला दाबतात. अलॉय रिमला त्यासाठी जागाच नसते. म्हणजे रिम बदलली की ब्रेकही बदलला. हा हिशेब पुष्कळांना चाक बांधून झाल्यावर कळतो.

पंक्चर काढलं, काटा तसाच राहिला

आजवा रोडच्या किंवा सिंधरोटच्या कडेने वेडी बाभूळ माजली आहे. तिच्या काट्याची मजा अशी की तो टायरमध्ये घुसून मोडतो. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र दोन-तीन मिलिमीटरचं टोक शिल्लक राहतं. ट्यूब बदलून दहा किलोमीटर गेलात की पुन्हा हवा गेली. मग दोष ट्यूबला, दुकानदाराला, नशिबाला.

एक सवय लावून घ्या: टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेमकं वाल्व्हच्या समोर आणा. पंक्चर झालं की ट्यूब काढा, हवा भरा, भोक शोधा आणि वाल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते पाहा. टायरवर नावापासून तेवढंच अंतर मोजलं की काट्याची जागा सापडते. ट्यूब कोणत्या बाजूने बसली होती ते लक्षात नसेल तर दोन्हीकडे मोजा. आतून बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे काटा आहे. तो चिमट्याने बाहेर ओढा, आत ढकलू नका.

भोकाची जागाच कारण सांगते. बाहेरच्या बाजूला एक भोक असेल तर काटा किंवा काच. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकली आहे आणि स्पोकचं टोक किंवा भोकाची धार टोचते आहे. अशा वेळी दहा पॅच लावले तरी उपयोग नाही. शेजारी शेजारी दोन लहान चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेमटली.

पॅच निघून येण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: घाई. ट्यूब पॉलिश पेपरने खरखरीत करा, पॅचपेक्षा मोठ्या जागेवर सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं वाळू द्या. बोटाला चिकटेनासं झालं की मग पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच आपल्या उन्हाळ्यात सरकतोच.

पंक्चर नाही आणि तरी दोन दिवसांत हवा बसते? जुन्या वाल्व्हमधली बारीक रबरी नळी बघा. उन्हाने ती चिकट होते किंवा चिरते. नवी घाला, दोन जास्तीच्या हँडलबारच्या पोकळीत ठेवा. या वाल्व्हवर पंपाचा काटा खरा दाब दाखवत नाही, कारण नळी उघडायलाच वेगळा जोर लागतो. तिथे अंगठ्याचाच अंदाज: टायर दाबला तर किंचित दबायला हवा. गाडीसारखा वाल्व्ह असेल तर एमटीबीला ३५ ते ४५ पीएसआय आणि ७०० × २८ ला वजनाप्रमाणे ७० ते ९० पुरे. टायरवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही.

छर्रे, कोन आणि पुराचं पाणी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यांत आणि पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा कितीतरी सायकली बुडून राहिल्या. अशी सायकल उन्हात वाळवून, चेनला तेल देऊन चालवायला काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पाणी फ्रेमच्या नळीतून खाली उतरतं आणि बीबीत साचतं, बरोबर गाळही आणतं. ग्रीस आणि गाळ मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. महिना-दोन महिन्यांत कोनवर (बेअरिंगच्या गोळ्या, म्हणजे छर्रे, ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर) खळगे पडतात आणि मग नुसती सफाई करून भागत नाही.

सीट पोस्ट काढा, सायकल उलटी करून पाणी निथळू द्या. मग दोन्ही हब, बीबी आणि हँडलची वाटी उघडा. डिझेलमध्ये सगळं धुऊन कोरडं पुसा. कोन उजेडात फिरवून बघा. छर्रे फिरतात ती पट्टी गुळगुळीत असेल तर ठीक, नखाला खड्डा लागला तर कोन बदला. जुने-नवे छर्रे एकत्र घालू नका, कारण झिजलेले किंचित लहान असतात आणि सगळा भार नव्यांवर येतो. उभ्या सायकलीच्या मागच्या हबला सहसा पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. पुढच्याला ३/१६ इंची, एका बाजूला १०. खात्री नसेल तर वाटी छर्‍यांनी पूर्ण भरा आणि एक कमी करा. गच्च भरलेली वाटी अडकते.

कोन कसताना बहुतेक जण जास्तच कसतात. चाक हलत नाही म्हणजे बरोबर बसलं, असं वाटतं. चाक उचलून सोडून द्या: वाल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून वाल्व्ह खाली आला पाहिजे. रिम धरून डावी-उजवीकडे हलवलं तर खडखड होता कामा नये. दोन्ही जमेपर्यंत पाव-पाव फेरा सैल-घट्ट करत राहा.

आता आटे. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे ऐकून माहीत असतं, पण पाना हातात आला की गोंधळ होतो. पाना पायडलवर उभा, टोक वर करून धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा. दोन्ही बाजूंची पायडलं तशीच सैल होतात. बीबीची उजवी वाटीही बहुतेक भारतीय सायकलींत उलट्या आट्याची असते. चुकीच्या दिशेने पाइप लावून जोर केलात तर फ्रेमचे आटे जातात, आणि ते परत येत नाहीत.

प्रत्येक फेऱ्याला 'टक्'

जुन्या सायकलीत पाय खाली दाबताना टक् आवाज आला तर नव्वद टक्के वेळा कॉटर पिन (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, बीबीच्या आसाला पक्का धरणारी खीळ) सैल आहे. पिनेवर सरळ हातोडा मारून ती काढू नका, आटे बसतात आणि पिन तिथेच फुगते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. नट पिनेच्या टोकाशी समतल येईपर्यंत सैल करा. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर टेकवून आधार द्या आणि मग एकच नेमका ठोका घाला. आधार नसेल तर सगळा मार छर्‍यांना बसतो. बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने: एका क्रँकचा नट वर तेव्हा दुसरीचा खाली. नाहीतर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. नवी पिन वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा एकदा कसा.

चेनचं काम सोपं आहे. तरी बडोद्याच्या धुळीत इंजिनचं काळं तेल ओतण्याची हौस काही जात नाही. ते धूळ धरून ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजेही वंगण नव्हे. कापडाने चेन पुसा, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबा, बाहेरचं तेल पुसून टाका. झीज फुटपट्टीने मोजा. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढली की चेन बदला. १/८ वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही गेले. त्यावर नवी चेन चढवली की जोर दिल्यावर ती दात सोडून उडी मारते, आणि लोक म्हणतात चेन खराब निघाली.

सीट, गुडघे आणि जेल कव्हर

सायकल तयार झाली की दुखणी सुरू होतात. उपाय म्हणून पहिलं जेल कव्हर येतं. बहुतेकांची अडचण उंचीची असते, मऊपणाची नव्हे. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर डावी-उजवीकडे झुकता कामा नये. चालवताना पंजाने चालवायचं, म्हणजे गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरच बदला आणि दोन-तीन राइड होऊ द्या. पोस्टवरची किमान खोलीची खूण बाहेर दिसू देऊ नका.

जड गिअरवर ताकद लावत जाणं हीही गुडघ्यांवरची जबरदस्ती. सपाट रस्त्यावर मिनिटाला ८० फेरे जमतील असा गिअर ठेवा.

आकड्यांचं वेड

दोन-चार महिने झाले की उद्दिष्ट हवंसं वाटतं. पहिल्याच महिन्यात शंभर किलोमीटर ठरवण्यापेक्षा आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांनी वाढवत नेलेलं बरं.

ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) इच्छा असेल तर गणित नीट करा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. ताशी २० ने चालवलं तर २०० चे दहाच तास, असं वाटतं. पण घड्याळ चहाला, पंक्चरला आणि कंट्रोलवरच्या (वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावरच्या) गप्पांनाही चालू असतं. साडेतीन तास भरपूर दिसतात, आणि पहिल्या दोन पंक्चरांतच एक निघून जातो. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि रात्री चमकणारं जॅकेट हवंच. एरवीही जानेवारीत बडोद्यात सूर्य सव्वासातनंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचला निघणाऱ्याला दिवा ही चैन नाही. अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेवर सायकलला मनाई आहे, मोकळा दिसला तरी.

स्पर्धा नको असलेल्यांसाठी खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांचा आकडा छान आहे. तेही सायकलवेडे. तुम्ही ३० दिवस, प्रत्येक दिवशी निदान ३० किलोमीटर चालवलं असेल तर तुमचा आकडा ३०. चाळीसवर जायचं तर तीस-पस्तीसच्या जुन्या राइड हिशेबातून बाद होतात. इथली चूक म्हणजे वर्षभर जवळच्याच पादऱ्यापर्यंत जाऊन यायचं आणि आकडा तिसाच्या आसपास का अडकला म्हणून आश्चर्य करायचं. पन्नासचं ध्येय असेल तर सुरुवातीपासूनच त्याहून लांबच्या डभोईला जाऊन या.

पावागढचा सापळा

बडोद्यातल्या जवळपास प्रत्येक सायकलवाल्याच्या मनात पावागढचा डोंगर असतो. जाताना साधारण पन्नास किलोमीटर, हालोलपर्यंत रस्ता जवळजवळ सपाट. गडबड होते ती वाऱ्याने. मे अखेरपासून पावसाळाभर वारा मुख्यतः नैर्ऋत्येचा असतो आणि पावागढ बडोद्याच्या ईशान्येला. जाताना वारा पाठीवर, सायकल पळते, आपण आज जोरात आहोत असं वाटतं. परतीत तोच वारा तोंडावर, वर अकराचं ऊन. त्या दिवसांत सराव करायचा तर उलट दिशा धरा: पादऱ्याकडे वाऱ्याविरुद्ध निघा, परतताना तो पाठीशी असेल.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्याहून जास्त, आणि नुसतं पाणी नव्हे; लिंबू-मीठ-साखर किंवा पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच ओआरएस. दर तासाला एक केळं किंवा अर्धी दशमी, भूक लागण्याआधी. सेव-उसळ घरी परतल्यावर खा. निम्म्या वाटेवर त्या तर्रीने काय होतं ते खाणाऱ्याला पुढच्या चढावर कळतं.

पायथ्याच्या चांपानेरपासून डोंगरावरच्या माचीपर्यंत साधारण पाच किलोमीटरचा चढ आहे. सिंगल स्पीडवर तो उभ्याने ओढण्यापेक्षा मध्येमध्ये उतरून चाला. खरी काळजी उतरताना. ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते आणि रबर गुळगुळीत होतं. वळणाआधी दाबा, सोडा, पुढचा-मागचा दोन्ही वापरा. स्टीलची रिम पावसात भिजली असेल तर ब्रेक उशिरा धरतो, अशा दिवशी माचीला जाऊच नका. नवरात्रातही टाळा, गर्दीमुळे खासगी वाहनं वर सोडत नाहीत. खाली आल्यावर पॅड आणि केबलचा नट एकदा तपासून घ्या, बाटल्या पायथ्यालाच भरा आणि मगच हालोलकडे निघा.