गळा काढण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव संपला की पुण्यातल्या गाण्याच्या क्लासांना नव्या विद्यार्थ्यांचा पूर येतो. दोन महिन्यांत तो ओसरतो, आणि मागे राहिलेल्यांपैकी निम्म्यांचे गळे बसलेले असतात. चुका दरवर्षी त्याच.

पहिली चूक पट्टीची, म्हणजे पेटीवरचा कुठला सूर तुमचा सा हे ठरवण्याची. पुरुष म्हणजे काळी १ (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि बाई म्हणजे काळी ५, असं डोळे झाकून ठरवू नका. तानपुऱ्याच्या ॲपमध्ये आधीच लावून ठेवलेल्या पट्टीवर तर मुळीच बसू नका. पेटी घ्या, एकेक सूर खाली उतरा. खरखर न होता भरीव लागणारा शेवटचा सूर हा तुमचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. तो सूर सोडून तिथून वर काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजत पाचव्या पट्टीवर सा. खालचा सूर काळी ४ निघाला तर सा काळी १. हे संध्याकाळी करा. सकाळी उठल्या उठल्या आवाज खऱ्यापेक्षा खाली जातो आणि फसवतो.

दुसरी चूक मोठी: खालच्या आवाजानेच वर चढायचं. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या मुलाने गणपतीच्या कार्यक्रमासाठी उंच पट्टीतलं गाणं निवडलं, तेही मूळ ट्रॅकवर. अर्धा सूर खाली घे म्हटलं तर ‘मजा जाते’. रोज संध्याकाळी तासभर मानेच्या शिरा ताणून तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, ओढायचा. दहाव्या दिवशी आवाज गेला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी साध्या आरतीलाही त्याचे नुसते ओठ हलत होते.

कारण सोपं आहे. खालच्या सुरांना स्वरतंतू आखूड आणि जाड असतात, वर जाताना ते ताणून पातळ व्हायला हवेत. होऊ दिले नाहीत तर माणूस हवेचा दाब वाढवतो आणि एका सुरावर आवाज फाटतो. आवाज फाटतो ती जागा म्हणजे सांधा. काळी १ वाल्या पुरुषाला हा सांधा साधारण तार रे-ग जवळ लागतो. काळी ५ वाल्या बाईला मध्य सप्तकातच, म-प च्या आसपास. तिथे जोर वाढवायचा नाही, आवाज निम्मा करायचा. ओठांची फुरफुर करत सा पासून तार ग पर्यंत मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत जा, परत या, पाच-सहा वेळा. मग अर्ध्या पेला पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवून ‘ऊ’ वर तेच. त्यानंतरच आकार, म्हणजे ‘आ’ वर गाणं. सांधा सांभाळायला आवाज बारीक करून पळ काढू नका. त्याला चोरटा आवाज म्हणतात आणि मैफलीत तो लगेच पकडला जातो.

खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, दहा-पंधरा मिनिटं पुरे, तीही मंद्र पंचमापर्यंतच. पलटे, म्हणजे सुरांच्या उलटसुलट रचना, विलंबित (संथ) लयीत स्वच्छ येईपर्यंत दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, हात लावू नका. तिसऱ्या महिन्यात तान मागणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो.

सारखं खाकरू नका, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी प्या. ज्येष्ठमधाने घसा सुखावतो, पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेत जातं. तेव्हा काढा पिऊन लगेच तार सप्तकात शिरू नका. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर रियाज थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.