वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट होई, त्यावरचा उपाय

जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या यंत्रणेचा नमुना मी ईएसपी-३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या डेव्हलपमेंट बोर्डावर उभारत असताना वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट होई आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) ब्राउनआउटची, म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा खाली गेल्याची, सूचना पुन्हा पुन्हा उमटे. व्होल्टेज घसरताच चिप रीसेट करणारा ब्राउनआउट डिटेक्टर सॉफ्टवेअरमधून बंद करण्याचा सल्ला अनेकजण देतात. मला तो घातक वाटतो, कारण अपुऱ्या व्होल्टेजवर फ्लॅश मेमरीतील माहिती बिघडू शकते. वाय-फाय संदेश प्रक्षेपित करण्याच्या क्षणी ही चिप काही शे मिलिअँपिअर प्रवाह खेचते आणि बारीक तारांच्या लांब यूएसबी केबलमध्ये तेवढ्याने व्होल्टेज घसरते. मल्टिमीटरवर ही क्षणिक घसरण दिसली नाही, व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर मात्र ३.३ व्होल्टच्या रेषेतील खळगा स्पष्ट दिसला. आखूड, जाड तारांची केबल वापरून ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांमध्ये, ध्रुवता (धन-ऋण टोके) तपासून, विद्युतभार साठवून अशी क्षणिक घसरण भरून काढणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यावर रीसेट थांबले.