खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत शेवाळ आलंय? या चुका टाळा

टाकी लावून दोन-तीन आठवडे होतात आणि एके सकाळी पांढरीशुभ्र वाळू तपकिरी दिसते. काचेवरून बोट फिरवलं की पिठूळ थर हाताला येतो. धीर सुटतो तो इथेच. हे डायटम असतात, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. त्यांना कवचासाठी सिलिका लागते आणि ती नवी वाळू, खडक व पाण्यातून मिळते. सिलिका संपत आली की काही आठवड्यांत थर आपसूक ओसरतो. तोवर काच पुसायची, वाळूला हात लावायचा नाही.

मी ठाण्याच्या घरी पहिली टाकी लावली तेव्हा सगळी वाळू उपसून धुतली, वर शेवाळ मारायचं औषध ओतलं. त्यात तांबं होतं. दोन दिवसांत पाचही गोगलगायी मेल्या. वाळू धुताना घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणूही गेले होते, त्यामुळे अमोनिया चढला. त्या गोगलगायींचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो, नव्या टाकीत असलं औषध घालू नका.

आता पाणी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून सिलिकेट, नायट्रेट, फॉस्फेट येतात. ‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती आरओ पिण्यासाठी असतो. चवीसाठी अनेक मशिनांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवून बघा. टाकीसाठी आकडा ० हवा आणि त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन बसवावं लागतं. उन्हाळ्यात रोज पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ती भर याच बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने घाला. नळाचं घातलंत तर रोज थोडं खत घातल्यासारखंच. मुंबईच्या चौपाटीवरून कॅन भरून आणणारेही भेटतात. त्या पाण्यात शहराचं सांडपाणी असतं, ते नकोच.

प्रवाळ नसताना १२-१२ तास दिवा कशाला? ६ ते ८ तास पुरेत. खिडकीचं ऊनही अडवा. गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन द्या.

आणखी एक चूक मेहनती माणसांकडून होते. शेवाळाच्या भीतीने ते नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर आणतात. मग डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव डोकं वर काढतात. शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात बुडबुडे, दिवसा दाट आणि रात्री विरळ. डायटम समजून लोक पाणी बदलत राहतात आणि त्रास वाढतो. शंका असेल तर थोडा नमुना बाटलीत जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि ते पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जुळले तर बहुधा डायनोच. तेव्हा पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ पीपीएम (दहा लाख भागांत ५ भाग) आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास येऊ द्या.

लालसर, सोलून निघणारी साय मात्र शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंची असते. ती नळीने ओढून काढा आणि तिथला प्रवाह वाढवा.

हिरवे केसाळ तंतू हाताने उपटा. उरलेल्यासाठी गोगलगायी आणा, पण अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही विषारी द्रव्यं शून्य झाल्यावरच. क्षारतेतला फरक त्यांना सोसत नाही, म्हणून टाकीचं पाणी थेंबाथेंबाने देत तासभर सवय करून मगच आत सोडा.