ए-एन रेडिओ रेंज: आधी कान तयार करा

१९३०च्या दशकात ढगात काही दिसेनासं झालं की अमेरिकन वैमानिकाची भिस्त जमिनीवरच्या ‘रेडिओ रेंज’ केंद्राकडून हेडफोनमध्ये येणाऱ्या दोन अक्षरांवर असे. सिम्युलेटरवर त्या काळची विमानं उडवणाऱ्यांनी ती आधी कानात मुरवावीत.

केंद्राच्या समोरासमोरच्या दोन भागांत मोर्समधला ए (टिक-टूऽ) ऐकू येतो, उरलेल्या दोन भागांत एन (टूऽ-टिक). दोन्ही सारख्याच जोराने पोचतात तिथे एकाच्या फटीत दुसरं बसतं आणि अखंड सूर लागतो. हा झाला बीम. असे चार बीम असतात. रुंदी जेमतेम ३ अंश, म्हणजे ६० मैलांवर ३ मैल, २० मैलांवर १. केंद्राजवळ नवखे हमखास इकडून तिकडे हेलकावतात ते त्यामुळेच. तिथे दुरुस्ती दोन-चार अंशांचीच करा.

खरी गोची वेगळीच. एन ऐकू येतोय, पण दोनांपैकी कुठल्या भागातला? समजा बीम केंद्रापासून ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून) आहेत, एन उत्तरेला आणि दक्षिणेला. आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय बंद करा, आवाज ऐकू येईल न येईल इतका कमी करा आणि १८० हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) धरा. आवाज वाढत गेला तर तुम्ही उत्तरेला आहात, विरत गेला तर दक्षिणेला. घाई नको, काही मिनिटं जातातच. (आवाज मोठा ठेवून हे करणाऱ्याला फरक कळतच नाही.)

उत्तरेला असाल तर १३५ धरा. एन पुसट होईल, सूर लागेल, मग ए डोकावेल. आता उजवीकडे २२५ वर वळा आणि किंचित उजवीकडे सरकून सुरामागे पुसट एन येईल असं राहा. बीमची उजवी कड धरायची हा नियम, कारण समोरून येणारा त्याच्या उजवीकडे असतो.

केंद्राच्या डोक्यावर आवाज झपाट्याने चढतो, एकदम गप्प होतो, पुन्हा उसळतो. पुढेही २२५ वरच राहिलात तर आता उजव्या कडेला ए हवा. नुसती शांतता पसरली आणि आधी आवाज चढलाच नाही, तर ते केंद्र नव्हे. उंची सोडू नका.

डोंगराळ भागात परावर्तनामुळे खोटे बीमही सापडतात. लूप अँटेनाच्या जुन्या केंद्रांचे बीम तर रात्री वातावरणाच्या वरच्या थरांतून परतणाऱ्या लहरींमुळे जागा बदलत. पुढे चार मनोऱ्यांच्या अ‍ॅडकॉक अँटेनांनी हा त्रास बराच कमी केला. वादळी ढगाजवळची खरखर मात्र शेवटपर्यंत राहिली.