बोलक्या, माणसांत रमणाऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करताय? या चुका टाळा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जा, असा एक साहेब भेटतोच. वॉचमनच्या पोरीचा दहावीचा निकाल त्याला पाठ, शॉपवर राउंडला निघाला की दहा जणांशी बोलल्याशिवाय केबिनला परत येत नाही. नवीन पोरं एकतर त्याला हलक्यात घेतात नाहीतर त्याच्या गोड बोलण्यावर सगळा प्लॅन ठरवून मोकळी होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्याच्या "भारी! कर की"ला मंजुरी समजणं.

एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माझ्यासमोर घडलेलं सांगतो. प्लॅनिंगच्या पोरानं साहेबाला जिन्यातच गाठलं, साहेबाच्या कानाला फोन, आणि हा विचारतोय की पंपाच्या हाउसिंगचा लॉट आधी काढू का, ब्रॅकेट पुढच्या आठवड्यात घेतो. साहेब हसून म्हणाले, "काढ की, भारी!" यानं मोल्डिंगचा प्लॅन फिरवला, कोअर शॉपला (साच्यातले आतले गाभे करणाऱ्यांना) पण सांगून टाकलं. ब्रॅकेट शुक्रवारी पुण्याला पोचवतो असा शब्द साहेबांनीच दिलेला होता. गुरुवारी कस्टमरचा फोन आला आणि मग रात्रपाळीत कोअर, घाईतलं फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई), स्पेशल टेम्पो, सगळा खर्च अंगावर. वर त्या पोरानं भर मीटिंगमध्ये सांगितलं, "साहेब, तुम्हीच हो म्हणाला होता." साहेबांना खरंच आठवत नव्हतं. दोघंही खरं बोलत होते हो! अशी माणसं बोलता बोलता विचार करतात, समोरच्याचा हुरूप वाढवायला हो म्हणतात, त्यांचा निर्णय अजून व्हायचा असतो.

माझी सवय सांगतो. तोंडी ठरलं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर तीन ओळी: काय ठरलं, कधीपर्यंत, त्यामुळं काय मागं पडणार. शेवटी "बरोबर ना साहेब?" त्यांचं उत्तर येईपर्यंत मी कशाला हात लावत नाही. पोरांना याचा कंटाळा येतो, पण टेम्पोचं भाडं भरण्यापेक्षा हा कंटाळा परवडला.

चारचौघांत चूक काढणं ही त्याच पोराची दुसरी चूक. मीटिंगमध्ये साहेबाला खोटं पाडलं की तुमचा मुद्दा बरोबर असूनही गेला. केबिनमध्ये एकट्याला सांगा, लगेच ऐकतो.

केबिनमध्ये शिरल्या शिरल्या एक्सेल उघडू नका. दोन मिनिटं माणसासारखं बोला, मग आकडे, तेही एका पानात.

मस्का लावू नका. दिवसभर माणसं वाचणाऱ्याला तो लगेच कळतो.

1928 साली विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या, त्यावरनं पुढं माणसाची तऱ्हा ओळखायची डिस्क टेस्ट आली. ट्रेनिंगवरनं आलेली पोरं "आपला साहेब आय टाइप, म्हणजे बोलका, माणसांत रमणारा" म्हणून मोकळी होतात. अरे भावांनो, लेबल लावून काम होत नाही, तो सकाळी ऐकतो का जेवणानंतर हे तुम्हालाच बघावं लागतं.

आणि रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं तर ते त्याला तुमच्याकडनंच आधी कळू दे, क्वालिटीवाल्यानं सांगायच्या आत. तोटा तो सोसतो, पण आपल्या माणसानं लपवलं हे त्याला लई लागतं, मग हसून बोलतो तसाच, फक्त कुठल्या कामात तुम्हाला विचारत नाही.